फ्रीस्टाइल लिब्रे २ : दंडावरच्या सेन्सरचं चौदा दिवसांचं काम

मधुमेहाच्या रुग्णाला तीन महिन्यांतून एकदा एचबीए१सीचा एक आकडा मिळतो आणि त्यावर पुढच्या तीन महिन्यांची गोळ्या-इन्सुलिनची मात्रा ठरते. तो आकडा तीन महिन्यांतल्या रक्तातल्या साखरेच्या सरासरीचा असतो. एकाची साखर पहाटे तीनला ६० पर्यंत (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) उतरते आणि दुपारी २२० वर चढते. दुसऱ्याची दिवसरात्र १५०च्या आसपास राहते. दोघांचाही एचबीए१सी ७ टक्के येऊ शकतो. पहिल्याची रात्रीची मात्रा तातडीने कमी करायला हवी, दुसऱ्याचं काहीही बदलायची गरज नाही. हा फरक रोज दोन वेळा बोटाला सुई टोचूनही हाती लागत नाही, कारण पहाटे तीनला कुणी टोचत नाही. दंडावर लावायचा, सतत साखर मोजणारा ॲबट कंपनीचा सेन्सर फ्रीस्टाइल लिब्रे २ हा फरक दाखवतो. या सेन्सरची खरी किंमत स्क्रीनवरच्या या क्षणाच्या आकड्यात नाही, चौदा दिवसांच्या आलेखात आहे. तो आलेख मात्रा बदलू शकणाऱ्या माणसापर्यंत पोचला नाही तर दंडावर चकती लावून फारसं काही साधत नाही.

आधी यंत्र. ३५ मिलिमीटर व्यासाची, ५ मिलिमीटर जाडीची पांढरी चकती दंडाच्या मागच्या बाजूला चिकटते. तिची सुमारे ५ मिलिमीटर लांबीची केसासारखी तार त्वचेखाली राहते. तारेवर ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम असतं. ग्लुकोजशी त्याची अभिक्रिया झाली की सूक्ष्म विद्युतप्रवाह तयार होतो आणि त्यावरून आकडा काढला जातो. मोजणी दर मिनिटाला होते. चकतीच्या स्मृतीत दर १५ मिनिटांचा आकडा साठतो, तोही शेवटच्या आठ तासांचाच. फोन आठ तासांहून जास्त वेळ दूर राहिला तर आलेखात भोक पडतं आणि ते नंतर भरून निघत नाही. रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेवून झोपणाऱ्यांनी हे आधीच समजून घ्यावं. झोपण्याआधी एकदा आणि उठल्यावर एकदा स्कॅन केलं (फोन चकतीजवळ धरून आकडे उतरवून घेतले) तरी बहुतेक रात्र जपली जाते.

लावण्यात जितक्या चुका होतात तितक्या पुढे चौदा दिवसांत होत नाहीत. जागा दंडाच्या मागचीच घ्या. पोट किंवा मांडीवरच्या आकड्यांची अचूकता या सेन्सरसाठी तपासलेली नाही. तीळ, व्रण किंवा गाठ असलेली जागा टाळा. इन्सुलिन टोचण्याच्या जागेपासून किमान अडीच सेंटीमीटर अंतर ठेवा. हात मागे घडी घालून दंड आरशात पाहिला की झोपताना गादीवर दाबला जाणारा भाग कुठला आणि मोकळा राहणारा कुठला ते कळतं. मोकळा भाग निवडा. साध्या साबणाने धुवा, कोरडं करा, अल्कोहोलच्या पट्टीने पुसा आणि मग थांबा. ओलसर त्वचेवर लावलेला सेन्सर तिसऱ्या-चौथ्या दिवशी कडेने सुटू लागतो, आणि याचं कारण बहुतेक वेळा गोंद नसतो, घाई असते. मॉइश्चरायझर लावलेल्या त्वचेचंही तेच.

सेन्सरची डबी आणि ॲप्लिकेटर (सेन्सर दंडावर बसवायचं साधन) यांच्यावर कोड छापलेला असतो आणि दोन्ही कोड जुळलेच पाहिजेत. घरात दोन खोकी एकदम उघडली की इथे गल्लत होते, आणि न जुळलेल्या जोडीचे आकडे चुकीचे येऊ शकतात. ॲप्लिकेटर डबीत बसवताना दोघांवरच्या गडद खुणा एका रेषेत आणा, टणक पृष्ठभागावर ठेवून शेवटपर्यंत दाबा. दंडावर लावताना आधी नुसता टेकवू नका. जागा नक्की झाल्यावर एकदाच ठामपणे दाबा, टक असा आवाज ऐका, दोन क्षण थांबा आणि सरळ मागे ओढा. हलक्या हाताने दाबलं तर तार अर्धवट शिरते. असा सेन्सर सुरू होतो, पण दिवसभर खालचेच आकडे दाखवत राहतो. थोडंसं रक्त दिसलं तर घाबरायचं कारण नाही. रक्त थांबतच नसेल किंवा चकतीच्या मधल्या बारीक छिद्रातून वर येत असेल तर तो सेन्सर काढून टाकलेला बरा. ते छिद्र वरून चिकटपट्टी लावून बुजवू नका. जादा पट्टी लावायचीच असेल तर मध्ये भोक असलेली घ्या.

सुरू केल्यावर ६० मिनिटं आकडा येत नाही. नंतर येतो, पण पहिल्या दिवशी त्यावर इन्सुलिनची मात्रा ठरवू नका. तार शिरल्यावर त्या जागी हलकी सूज येते, आजूबाजूचा द्रव स्थिरावायला वेळ लागतो, आणि तोवर आकडा खरा असेल त्यापेक्षा बराच खाली-वर राहू शकतो. पहिले १२ तास तरी निर्णयाआधी बोटातल्या रक्तावर खात्री करून घ्यावी. अनुभवी वापरकर्ते जुना सेन्सर संपायच्या आदल्या संध्याकाळी नवा दुसऱ्या दंडावर लावून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी सुरू करतात. चौदा दिवस सुरू केल्यापासून मोजले जातात, त्यामुळे आयुष्य कमी होत नाही आणि पहिला डळमळीत काळ आधीच निघून जातो. माहितीपुस्तिकेत ही युक्ती सापडणार नाही, पण तिचा उपयोग होतो.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. हा सेन्सर रक्तातली साखर मोजत नाही. तो त्वचेखालच्या पेशी-पेशींच्या मधल्या जागेतल्या द्रवातली साखर मोजतो, आणि रक्तातला बदल तिथे पोचायला साधारण ५ ते १० मिनिटं लागतात. साखर स्थिर असताना फरक पडत नाही. जेवणानंतर, व्यायामात किंवा साखर झपाट्याने उतरत असताना पडतो. म्हणून आकड्याशेजारचा बाण आकड्याइतकाच महत्त्वाचा. आडवा बाण म्हणजे साखर मिनिटाला १ मिलिग्रॅमपेक्षा कमी वेगाने बदलते आहे, तिरका म्हणजे १ ते २, आणि सरळ उभा म्हणजे २ पेक्षा जास्त. स्क्रीनवर ११० आणि बाण सरळ खाली, याचा अर्थ वीस मिनिटांत ७० किंवा त्याहून खाली. ११० हा 'छान' आकडा पाहून इन्सुलिन घेणारा आणि गाडी चालवायला निघणारा माणूस इथे फसतो.

याच विलंबामुळे दुसरीही चूक होते. साखर ६२ दिसते, माणूस १५ ग्रॅम ग्लुकोज घेतो, पंधरा मिनिटांनी पाहतो तर सेन्सर अजून ६० दाखवतो. तो पुन्हा घेतो, मग पुन्हा. तासाभराने साखर २५०. प्रत्यक्षात रक्तातली साखर पहिल्या १५ ग्रॅमनेच वर आलेली असते, सेन्सरला ते उशिरा कळतं. त्यामुळे हायपोवर (साखर फार खाली जाण्यावर) उपचार केल्यानंतरची तपासणी बोटातूनच करावी. घरात ग्लुकोमीटर आणि मुदतीतल्या पट्ट्या ठेवणं सेन्सर लावल्यावरही सुटत नाही. घाम, थरथर, गोंधळ जाणवत असेल आणि स्क्रीन 'सगळं ठीक' म्हणत असेल तेव्हा शरीरावर विश्वास ठेवा आणि बोट टोचून खात्री करा.

अचूकतेबद्दल तक्रारी बऱ्याच असतात आणि त्यातल्या निम्म्याअधिक तुलनेच्या पद्धतीतून येतात. प्रयोगशाळेतल्या मोजणीपेक्षा लिब्रे २ चा सरासरी फरक प्रौढांमध्ये सुमारे ९ टक्के आहे. म्हणजे २०० च्या जागी १८२ किंवा २१८ दिसणं सामान्य, आणि ही सरासरी असल्याने कधीकधी त्याहून जास्त फरकही पडणार. ग्लुकोमीटरही निर्दोष नसतो. आयएसओ १५१९७ या मानकाच्या २०१३च्या आवृत्तीत त्याला १०० च्या खाली १५ मिलिग्रॅमची आणि १०० पासून पुढे १५ टक्क्यांची सूट आहे, तीही ९५ टक्के मोजण्यांपुरती. एक यंत्र वरच्या बाजूला चुकलं आणि दुसरं खालच्या, की दोघं मानकात बसूनही चाळीसचा फरक दिसू शकतो. तुलना करायचीच असेल तर बाण आडवा असताना, हात साबणाने धुऊन, वेगवेगळ्या दिवशी तीन वेळा करा. तिन्ही वेळा फरक एकाच दिशेला आणि मोठा असेल तर सेन्सर खराब आहे. लिब्रेमध्ये स्वतः आकडा भरून दुरुस्ती करायची सोय नाही. ज्याला ती हवी त्याने डेक्सकॉम जी७ हा दुसऱ्या कंपनीचा सेन्सर पाहावा.

रात्रीचा खोटा अलार्म हा या सेन्सरचा सर्वांत त्रासदायक दोष. सेन्सर असलेल्या कुशीवर झोपलं की तारेभोवतीचा रक्तपुरवठा दाबला जातो, तिथला द्रव ताजा होत नाही आणि आकडा कोसळतो. आलेखावर हे ओळखायला सोपं असतं: कड्यासारखी सरळ घसरण, थोडा वेळ तळ, आणि कूस बदलताच तितकीच सरळ चढण. खरा हायपो असा दिसत नाही. तो उतरतो सावकाश आणि वरही वळणाने येतो. डॉक्टरांना अहवाल देण्याआधी अशा रात्रींवर खूण करून ठेवा. नाहीतर खोट्या खड्ड्यांवरून इन्सुलिन कमी केलं जातं आणि सकाळची साखर चढते.

क जीवनसत्त्वाचं प्रकरण फार थोड्यांना माहीत असतं. लिब्रे २ वापरताना दिवसाला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त क जीवनसत्त्व घेतलं तर आकडा खोटाच वर दिसू शकतो, कारण ते तारेवर स्वतःच विद्युतप्रवाह निर्माण करतं आणि सेन्सरला तो ग्लुकोजचा वाटतो. सर्दीसाठी घेतल्या जाणाऱ्या विरघळणाऱ्या गोळ्यांत अनेकदा एकाच गोळीत १००० मिलिग्रॅम असतं. इथला धोका उलटा आहे: खरा हायपो लपतो. एमआरआय, सीटी स्कॅन किंवा एक्स-रे असेल तर सेन्सर काढावा लागू शकतो, म्हणून तपासणीची तारीख आधीच ठरलेली असेल तर नवा सेन्सर त्यानंतर लावा. डायलिसिसवरच्या रुग्णांमध्ये याची तपासणी झालेली नाही. पाणी चालतं, पण एक मीटर खोलीपर्यंत आणि ३० मिनिटंच.

अलार्म ब्लूटूथवर चालतात आणि मध्ये अडथळा नसेल तर साधारण ६ मीटरपर्यंत पोचतात. कमी साखरेची सीमा ६० ते १०० मध्ये कुठेही ठेवता येते, जास्तीची १२० ते ४०० मध्ये. मुळात ती ७० आणि २४० ला असते. ज्यांना साखर उतरल्याची लक्षणं जाणवेनाशी झाली आहेत त्यांनी ७० वर समाधान मानू नये, ८० किंवा ८५ ठेवावी. विलंबाचा हिशेब त्यातच धरला जातो. जास्तीचा अलार्म मात्र सुरुवातीला बंद ठेवायला हरकत नाही. दिवसाला आठ वेळा वाजणारा अलार्म चौथ्या दिवशी कुणी ऐकत नाही, आणि त्या सवयीत कमी साखरेचाही हुकतो.

अलार्म न वाजण्यामागे सेन्सर क्वचित असतो, फोन बहुतेक वेळा असतो. बॅटरी वाचवणारी सेटिंग ॲपला मागच्या मागे बंद करते, 'व्यत्यय नको' हा पर्याय रात्री आवाज गिळतो, फोनची प्रणाली अद्ययावत झाली की परवानग्या पुसल्या जाऊ शकतात. ॲपला बॅटरीच्या निर्बंधातून वगळा, सूचना आणि ब्लूटूथच्या परवानग्या तपासा, आणि प्रणालीचं अद्ययावतीकरण आपोआप होऊ देऊ नका. आधी ॲप नव्या आवृत्तीला चालतं का ते कंपनीच्या यादीत पाहा. २० मिनिटं संपर्क तुटला तर 'सिग्नल गेला' असा इशारा येतो. तो चालू ठेवा. रीडर (आकडे दाखवणारं कंपनीचं वेगळं यंत्र) आणि फोन दोन्ही वापरायचे असतील तर आधी रीडरने सेन्सर सुरू करा आणि त्या पहिल्या ६० मिनिटांतच फोनने स्कॅन करा. उलट क्रमाने जमत नाही, आणि हे बहुतेकांना सेन्सर लावल्यावरच कळतं.

आता अहवाल, ज्यासाठी हे सगळं करायचं. चौदा दिवसांचा अहवाल विश्वासार्ह धरायला किमान ७० टक्के वेळेची नोंद लागते. वरचा हा आकडा आधी पाहा. तो ५० असेल तर पुढचं वाचण्यात अर्थ नाही. २०१९ मध्ये ठरलेल्या आंतरराष्ट्रीय उद्दिष्टांनुसार बहुतेक प्रौढांची साखर ७० टक्क्यांहून जास्त वेळ ७० ते १८० मध्ये असावी, म्हणजे दिवसाचे साधारण सतरा तास. ७० च्या खालचा वेळ ४ टक्क्यांपेक्षा कमी, म्हणजे दिवसाला तासाच्या आत. ५४ च्या खालचा १ टक्क्यापेक्षा कमी, म्हणजे चौदा मिनिटं. वृद्ध आणि हायपोचा धोका जास्त असलेल्यांसाठी मोजपट्टी वेगळी आहे: ७० ते १८० मधला वेळ निम्म्याहून जास्त असला तरी पुरे, पण ७० च्या खालचा १ टक्क्याच्या आत हवा. पंच्याऐंशी वर्षांच्या आजींना तिशीतल्या माणसाची उद्दिष्टं लावणं ही धोकादायक चूक आहे आणि ॲप ती स्वतःहून सुधारत नाही.

आलेखात मधली ठळक रेषा म्हणजे त्या-त्या वेळेची मध्यम साखर, गडद पट्टा म्हणजे निम्मे दिवस जिथे असतात तो भाग. वाचायचा क्रम ठरलेला ठेवा. आधी खालची बाजू: कुठल्या तासाला पट्टा ७० ला टेकतो? मग रेषेचा चढ: कुठल्या जेवणानंतर सर्वांत उंच? मग पट्ट्याची रुंदी. पट्टा अरुंद पण उंच असेल तर साखर रोज त्याच वेळी तशीच चढते, आणि मात्रा किंवा वेळ बदलून ती खाली आणता येते. पट्टा रुंद असेल तर मात्रा बदलण्याआधी दिनक्रम पाहावा लागतो: जेवणाच्या वेळा हलत्या आहेत का, डोस चुकतात का, इन्सुलिन एकाच जागी टोचून तिथे गाठी झाल्या आहेत का. साखरेची चढउतार सांगणारा टक्का ३६ च्या आत असावा. त्यावर असताना सरासरी उतरवायला गेलं तर हायपो वाढतात. हे सारं आकड्यांत असतं, पण कुणीतरी बसून पाहिलं तरच दिसतं.

अहवालात एचबीए१सीसारखा दिसणारा अंदाजही असतो. तो सरासरी साखरेला ०.०२३९२ ने गुणून त्यात ३.३१ मिळवून काढतात. सरासरी १५४ असेल तर ७ टक्के. प्रयोगशाळेचा आकडा यापेक्षा बराच वेगळा आला तर कुणालाही खोटं ठरवायची घाई नको. रक्तक्षय, मूत्रपिंडाचा आजार किंवा हिमोग्लोबिनचा वेगळा प्रकार असेल तर एचबीए१सीच फसवा असतो, आणि अशा रुग्णाला सेन्सरचा सर्वांत जास्त उपयोग होतो.

लिब्रे लिंकअप या सोबतच्या ॲपमधून घरच्या २० जणांपर्यंत आकडे पाहता येतात. एकट्या राहणाऱ्या आईवडिलांसाठी आणि लहान मुलांसाठी ही सोय मोलाची आहे. मात्र कुणी फक्त कमी साखरेचा इशारा घ्यायचा आणि कुणी सगळे आकडे पाहायचे हे आधी घरात बोलून ठरवा. प्रत्येक जेवणानंतर येणारा 'काय खाल्लंस?' हा फोन बऱ्याच सेन्सरना कायमचं खोक्यात पाठवतो.

सतत वापरायचं तर वर्षाला २६ सेन्सर लागतात आणि तो खर्च सगळ्यांना पेलत नाही. दिवसातून अनेकदा इन्सुलिन घेणाऱ्यांनी, वारंवार हायपो होणाऱ्यांनी आणि इन्सुलिनवरच्या गर्भवतींनी सतत वापरावा असं आमचं स्पष्ट मत आहे. पण गोळ्यांवर असलेल्यांना तीन महिन्यांतून एक सेन्सर पुरतो, तो भेटीच्या तीन आठवडे आधी लावला तर. पहिले चार दिवस काहीही बदलू नका, नेहमीसारखंच वागा. पुढचे दहा दिवस एका वेळी एकच बदल करा: जेवणानंतर वीस मिनिटं चालणं, किंवा रात्रीचं जेवण दीड तास अलीकडे. प्रत्येक बदल किमान तीन दिवस ठेवा आणि ॲपमध्ये नोंदवा. दोन बदल एकदम केले की कशाने फरक पडला ते कळत नाही. फोन यादीत बसत नसेल तर रीडर घ्या. आठवड्याला एकदा रीडर संगणकाला जोडून अहवाल काढता येतो. ज्यांना आलेख वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवणारी परिचारिका किंवा आहारतज्ज्ञ मिळाली तर हीच चकती त्यांच्याही तितकीच कामाची ठरते; तशी व्यवस्था उभी करणाऱ्या दवाखान्यांनी दर भेटीत अहवालासाठी पाच मिनिटं राखून ठेवावीत. मधुमेह नसलेल्यांनी निव्वळ उत्सुकतेपोटी लावायची गरज आम्हाला वाटत नाही. जेवणानंतर साखर १४० च्या पुढे जाऊन परत येणं निरोगी माणसातही होतं आणि तो आलेख विनाकारण धास्ती लावतो.

इतर पर्यायांत लिब्रे ३ बराच लहान आहे (व्यास २१ मिलिमीटर) आणि स्कॅन न करता दर मिनिटाला आकडा फोनवर पाठवतो. डेक्सकॉम जी७ अर्ध्या तासात सुरू होतो, पण दहा दिवस आणि वर १२ तास चालतो; हायड्रॉक्सियुरिया हे औषध घेणाऱ्यांनी तो टाळावा, आकडा खोटाच वर जातो.

त्वचेवर चकतीच्या आकाराचा लाल, खाजरा डाग उठत असेल तर तो ॲक्रिलेट गोंदाची ॲलर्जी असू शकते. पहिल्या लिब्रेमध्ये आयसोबॉर्निल ॲक्रिलेट हे रसायन यामागे असल्याचं २०१७ मध्ये समोर आलं. साधी जळजळ असेल तर जागा बदलून आणि त्वचासंरक्षक फिल्म लावून भागतं. फोड येत असतील तर वापर थांबवून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. काढताना कडेला तेल लावून दहा मिनिटं थांबा आणि त्वचेला समांतर सोला. सेन्सर मुदतीआधी बंद पडला तर फेकू नका. अनुक्रमांक आणि त्रुटीच्या संदेशाचा फोटो घेऊन कंपनीच्या मदतकेंद्राला कळवा. परत मागवला तर तोच द्यावा लागतो. वापरलेल्या ॲप्लिकेटरमध्ये सुई असते, तो सुयांच्या डब्यात टाका. चकतीत बॅटरी असते, ती जाळायच्या कचऱ्यात जाऊ देऊ नका.